तीन फुटांचं तास

२०२२ च्या सप्टेंबरात लंपी आला आणि राज्यातले गुरांचे बाजार बंद झाले. त्याच महिन्यात आमच्या गोठ्यातला डावा बैल गेला. पऱ्हाटी तोवर कमरेच्या वर आली होती, डवरणीचे दिवस सरले होते, तेवढंच नशीब. बाबांनी फोनवर फक्त 'जोडी फुटली' एवढंच सांगितलं. पुण्यात माझ्या टीममधल्या एकाने विचारलं, "पण एक बैल आहे ना अजून?" त्याला समजावून सांगावं लागलं की बैल एकटा असला तर तो कामाचा नसतो. तो फक्त खातो.

पुढची तीन वर्षं आम्ही शेजाऱ्याची जोडी भाड्याने आणून काढली. ज्याची जोडी त्याचं वावर आधी, हा नियम सगळीकडे सारखाच. म्हणजे आमचा वाफसा निघून गेल्यावर जोडी यायची. शेवटी ठरलं, छोटा ट्रॅक्टर घ्यायचा. पाच एकर जमीन, वणी तालुक्यातलं राजूर. लोक गावाला राजूर कॉलरी म्हणतात. खाली कोळसा, बाजूला चुनखडी, आणि या दोन्हींच्या वर जी काही काळी माती उरली आहे त्यात कापूस आणि तूर.

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे आधी शीट बनवली. ११ एचपीपासून २८ एचपीपर्यंतची मॉडेलं, किंमत, वजन, लिफ्ट किती किलो उचलते, टू व्हील की फोर व्हील, डिझेल तासाला किती. रंगसुद्धा भरले. दिवाळीत घरी गेल्यावर लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे दोन तासायच्या मधातून जाईन काय?"

माझ्या शीटमध्ये चौदा रकाने होते. हा नव्हता.

आमच्याकडे तास म्हणजे पिकाची ओळ. घड्याळाचा तास नव्हे. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर मात्र घड्याळाचे तास मोजणारं मीटर असतं आणि कंपन्या सगळं त्यावरच सांगतात. बाबांच्या त्या एका प्रश्नामुळे मी महिनाभर रात्री जागून छोट्या ट्रॅक्टरचा इतिहास वाचत बसलो. त्यातलं बरंचसं वाचून मला आधी जे वाटत होतं ते उलटंपालटं झालं.

यंत्र आणि शेतकरी यांची महाराष्ट्रातली पहिली प्रसिद्ध गाठ लोखंडी नांगरावर पडली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावला लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने माती विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटायचं, आणि पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षं लागली, ही गोष्ट आपल्या शाळकरी वयात 'अडाणी शेतकरी, द्रष्टा उद्योजक' अशा थाटात सांगितली जाते. मला आता ती तशी वाटत नाही. ज्याच्याकडे एकच हंगाम आहे आणि तो फसला तर सावकार दारात आहे, त्याने दोन वर्षं थांबून दुसऱ्याच्या वावरात काय होतं ते पाहिलं तर ते शहाणपणच म्हणायचं. आणि खपायला लागल्यावर तेच नांगर इतके खपले की १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

दुसरी गाठ आमच्या प्रदेशाशी जास्त जवळची आहे. १९५६ पर्यंत यवतमाळ जिल्हा मुंबईकडे नव्हता. तो होता मध्य प्रदेशात, आणि राजधानी होती नागपूर. स्वातंत्र्यानंतर लगेच केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन नावाची संस्था उभी केली. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने मागे सोडलेली यंत्रं हाताशी होती. १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. भारताला त्या बँकेने दिलेल्या अगदी सुरुवातीच्या कर्जांपैकी ते एक. ते कशासाठी? कास नावाच्या गवतासाठी. मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत या गवताची मुळं इतकी खोल जातात की बैलाचा नांगर तिथे हरतो, आणि गावंच्या गावं जमीन पडीक टाकून देतात. मग पट्ट्यांवर चालणारी रणगाड्यासारखी यंत्रं फूट-दीड फूट खोल नांगरत मैलोन्‌मैल फिरली.

त्या काळात देशात मिळून साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते, सगळे आयात केलेले. ट्रॅक्टर म्हणजे सरकार, ट्रॅक्टर म्हणजे पडीक जमीन मोडणारं धूड, ही प्रतिमा तेव्हा जी बसली ती बरीच वर्षं टिकली. पाच एकराच्या धुऱ्यावर उभं राहून त्या यंत्राकडे पाहणाऱ्याला त्यात स्वतःचं काही दिसणं शक्य नव्हतं.

छोट्या ट्रॅक्टरची खरी गोष्ट दुसरीकडेच सुरू होते, आणि ती सुरू होते एका जोडणीपासून. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॅरी फर्ग्युसन नावाच्या उत्तर आयर्लंडमधल्या मेकॅनिकला सरकारने ट्रॅक्टर आणि नांगरांची कामगिरी सुधारायचं काम दिलं. तेव्हा नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा, बैलामागे बांधावा तसा. नांगर दगडात अडकला की मागची चाकं फिरत राहायची, पुढचा भाग वर उचलला जायचा आणि ट्रॅक्टर उलटून चालकाच्या अंगावर पडायचा. फोर्डसन त्यासाठी बदनाम होता. यावरचा सरळ उपाय म्हणजे ट्रॅक्टर जड करा. फर्ग्युसनने उलटं केलं. नांगर तीन ठिकाणी जोडला, वर एक आणि खाली दोन, आणि मध्ये हायड्रॉलिक लिफ्ट बसवली. आता नांगराला जमिनीने केलेला विरोधच मागच्या चाकांवर वजन होऊन येऊ लागला. म्हणजे ओढ जितकी जास्त तितकी पकड घट्ट, आणि हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टरचं काम करू लागला.

१९३८ मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी लेखी करार न करता नुसत्या हस्तांदोलनावर भागी केली. ती पुढे कोर्टात संपली, ते वेगळं. पण त्यातून १९३९ चा फोर्ड ९एन आला, मग १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनलेला राखाडी टीई२०. आज वणीच्या कुठल्याही शोरूममधल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे वाकून पाहा, तीच थ्री पॉइंट लिंकेज दिसेल. इंजिनियर म्हणून सांगतो, इतकी सुंदर कल्पना मी चार वर्षांच्या डिग्रीत एकदाही शिकलो नव्हतो.

जपानने ती अजून लहान केली. युद्धानंतरच्या जमीन सुधारणांनी तिथे कुळांना मालकी मिळाली, पण तुकडे हेक्टराच्या आसपासचे. त्यात अमेरिकी ट्रॅक्टर वळणारच नाही. कुबोटाने १९६० मध्ये आपला पहिला शेतीचा ट्रॅक्टर काढला, १५ हॉर्सपॉवरचा. आणि गंमत अशी, की १९६९ मध्ये तोच छोटा घाट एल२०० नावाने अमेरिकेत गेला तेव्हा तो भातशेतीवाल्यांनी घेतला नाही. शहरातली नोकरी करून गावाबाहेर चार-सहा एकर घेणाऱ्यांनी घेतला, गवत कापायला आणि बर्फ ढकलायला. आज यूट्यूबवर कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर असा शोध घेतला की हीच मंडळी समोर येतात. त्यांचे व्हिडिओ बघूनच मी माझी शीट भरली होती. त्यांच्यासाठी ट्रॅक्टर शनिवार-रविवारचा, आमच्यासाठी पोळ्याच्या आधीचे दोन महिने.

भारतात मात्र सुरुवात छोट्यापासूनच व्हायला हवी, असं सरकारला वाटत होतं. २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादला आयशरचा पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर कंपनी काढली आणि कांदिवलीत बी-२७५ बनू लागला. आज ज्या पश्चिम द्रुतगती महामार्गावरून लोक ऑफिसला जातात त्याच्या कडेला. १९६५ मध्ये दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत पूर्ण देशी आराखड्याच्या २० हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचं काम सुरू झालं. मन मोहन सुरी संचालक होते, तरुण इंजिनियर चंद्र मोहन त्यांच्याबरोबर. ट्रॅक्टर तयार झाला, चाचण्या झाल्या, पण केंद्र सरकारच्या एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा आराखडा घेऊन पिंजोरला उत्पादन सुरू केलं. दुर्गापूरचा ट्रॅक्टर शेवटी पंजाब सरकारने उचलला. १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स, १९७४ मध्ये मोहालीहून स्वराज ७२४, सव्वीस हॉर्सपॉवरच्या आसपासचा.

इथवर वाचून मला प्रश्न पडला, की हे सगळे पंचविशीतले ट्रॅक्टर मग गेले कुठे? आज देशात सर्वांत जास्त खपतो तो ४१ ते ५० एचपीचा. जमीन लहान होत गेली आणि ट्रॅक्टर मोठा होत गेला. कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातलं सरासरी खातं ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर.

याचं उत्तर गावातच होतं. आमच्याकडे ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो स्वतःचं वावर नांगरायला तो घेतच नाही. तो दुसऱ्याचं नांगरायला घेतो. पाठ्यपुस्तकी हिशेबात ट्रॅक्टरचं आयुष्य दहा वर्षं आणि वापर वर्षाला हजार तास धरतात. मी आमच्या पाच एकराची सगळी कामं जोडून पाहिली. ओढूनताणून शंभर तास. मग उरलेले नऊशे कुठून आणायचे? रोटाव्हेटर भाड्याने, थ्रेशर भाड्याने, आणि ट्रॉली. राजूरसारख्या गावात तर ट्रॉली कधी रिकामी राहत नाही. विटा, रेती, चुना, काही ना काही असतंच. रोटाव्हेटर आणि भरलेली ट्रॉली ओढायला पंधरा एचपी पुरत नाही. म्हणून कर्ज काढून ४५ एचपी, आणि हप्ता फेडण्यासाठी गावभर फिरणं. छोटा ट्रॅक्टर शेतीत नापास झाला नव्हता, तो भाड्याच्या धंद्यात नापास झाला.

छोट्याची परत सुरुवात झाली ती सौराष्ट्रातून. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणींनी नव्वदच्या दशकात बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि डवऱ्यासारखं अवजार बसवलं. 'बुलेट सांती'. दुष्काळात बैलांना वैरण नव्हती, म्हणून. राजकोटच्या वर्कशॉपांमधून मग मिनी ट्रॅक्टर निघू लागले, आणि पुढे मोठ्या कंपन्याही १५ एचपीवर आल्या. महिंद्राचा युवराज, स्वराजचा ७१७. २०२१ मध्ये स्वराजने कोड काढला, ११ एचपीचा. सौराष्ट्रात भुईमूग आणि कापूस, आमच्याकडे कापूस आणि तूर. दोन्हीकडे प्रश्न एकच, दोन ओळींमध्ये शिरायचं कसं.

बैल का गेले, याबद्दल मात्र मला थोडं रागानेच लिहावंसं वाटतं. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातले नर गोवंश तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. ट्रॅक्टर आला म्हणून बैल गेले, हे अर्धंच खरं. बैलाचा हिशेब असा असायचा: चार दाती घ्यायचा, आठ-दहा वर्षं वाहायचा, म्हातारा झाला की विकायचा, त्यात थोडे घालून नवा आणायचा. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि या साखळीतली शेवटची कडी तुटली. म्हातारा बैल आता कोणी घेत नाही. त्याला मरेपर्यंत खाऊ घालायचं, आणि नवी जोडी पूर्ण पैसे मोजून घ्यायची. ज्यांना हा खर्च परवडत नाही त्यांनी आधीच बैल घेणं सोडलं. हे कोणत्याही बाजूचं राजकारण म्हणून सांगत नाही. आमच्या गोठ्यात उजवा बैल आजही उभा आहे, आणि त्याचा चारा माझ्या शीटमध्ये आहे.

तर, तास.

आमच्याकडे कोरडवाहू कापूस चौफुलीवर लावतात, तीन बाय तीन फूट. उभ्याने पाहा, आडव्याने पाहा, झाडं ओळीतच दिसतात. त्यामुळे डवरा उभा चालतो आणि आडवाही चालतो, आणि झाडाच्या चारही बाजूंचं गवत निघतं. ही रचना बैलाच्या मापाने झाली आहे, आणि बियाण्याच्याही. १९७० मध्ये सुरतेला सी. टी. पटेलांनी एच-४ हा कापसाचा संकर काढला, जगातला पहिला व्यापारी संकर. संकरित बियाणं महाग, दरवर्षी विकत घ्यायचं, म्हणून एकेक बी टोबायचं आणि लांब टोबायचं. २००२ मध्ये बीटी आलं तेही आपल्याकडे संकरातच आलं. तीन बाय तीनने एकरात ४८४० झाडं बसतात. एका पाकिटात साधारण तेवढंच बी असतं. एकराला एक पाकीट, नऊशे रुपयांच्या आसपास. सगळं एकमेकांत बसलेलं.

एका विक्रेत्याच्या आवारात मी टेप लावून पंधरा एचपीची रुंदी मोजली. चाकं आत घेऊनसुद्धा बाहेरून बाहेर पावणेतीन फूट. तिथला पोरगा म्हणाला, तीन फुटांत आरामात जातो. आरामात म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच! चोवीस एचपीचे फोर व्हील, जपानी धाटणीचे, साडेतीन फुटांच्या पुढे, आणि किमतीत लाख-दोन लाखांनी वर. म्हणजे ट्रॅक्टर घ्यायचा तर तास चार फुटांचं हवं. चार बाय तीन केलं तर झाडं कमी होतात, म्हणून दोन झाडांतलं अंतर कमी करायचं, चार बाय एक. एकरात १०,८९० झाडं, दोन पाकिटं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सघन लागवड म्हणून जे सांगते तेही याच दिशेचं, त्याहून दाट. उत्पन्न वाढण्याची शक्यता आहे. मला हे पटलं होतं. नव्या शीटमध्ये पाकिटाचा खर्च घातला, आणि ती घरी दाखवली.

या वेळी प्रश्न आईने विचारला. ती चुलीपाशी होती, शीटकडे तिने पाहिलंही नाही. "फुटाफुटावर झाडं म्हणजे आडवा डवरा बंद. मंग त्या दोन झाडायच्या मधातलं गवत कोण काढन?"

मी म्हणालो, निंदण.

"म्हंजे मीच ना."

शंभर वर्षांचा इतिहास वाचून मला हे दिसलं नव्हतं. सगळीकडे एचपी, वजन, ओढ. बैलाचा आडवा डवरा बायकांचं निम्मं निंदण वाचवत होता, ही गोष्ट कोणत्या तक्त्यात येतच नाही. आणि निंदण परवडत नाही तेव्हा तणनाशक येतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आमच्या घरात फवारणीचा पंप कोणी सहज उचलत नाही. ट्रॅक्टरला फवारणीचा पंप जोडता येतो, हे खरं. पण पऱ्हाटी छातीला लागल्यावर, म्हणजे खरी फवारणी लागते तेव्हा, ट्रॅक्टर आत जात नाही.

शेवटी जे ठरलं ते कोणत्याही व्हिडिओत सांगतात तसं नाही. पंधरा एचपीचाच घेतला, काकांबरोबर भागीत, म्हणजे दहा एकरांवर एक. २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्यात वीस-बावीस हजार वाचले. अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर दोन वर्षं लॉटरीत पडून होता, तो निघालाच नाही. उन्हाळ्यातली खोल नांगरट अजूनही भाड्याच्या पन्नास एचपीने करायची. तापलेली काळी माती पंधराच्या आवाक्यातली नाही, हे बाबांना शोरूममध्ये न जाताही माहीत होतं. तुरीला आणि दोन एकर कापसाला चार फुटांचं तास. त्या दोन एकरांत झाडं फुटावर न घेता दोन फुटांवर, म्हणजे मध्ये खुरपं नीट फिरतं आणि एक पाकीट थोडंसंच कमी पडतं. दोघांची मिळून उरलेली जमीन चौफुलीवर, शेजाऱ्याच्या जोडीने. त्याला बदल्यात आमचा ट्रॅक्टर.

ट्रॅक्टरबरोबर जे तीन दात्यांचं अवजार आलं त्याची पाती अरुंद होती, गवत कापण्याऐवजी नुसती ओरखडत होती. बाबांनी जुन्या डवऱ्याच्या दोन पासा काढल्या आणि आम्ही दोघं लोहाराकडे गेलो. लोहाराने विचारलं, किती ठेवू? माझ्या खिशात टेप होता. मी तो काढेपर्यंत बाबांनी पासेवर एक वीत ठेवली, तिच्यापुढे चार बोटं टेकवली आणि तिथे खडूने रेघ मारली. लोहाराने पास भट्टीत घातली.